वर केलेलं बोट

पेशंटच्या मुस्काटात मारली तेव्हा माझ्या हातात रबरी मोजा होता आणि मोजा त्याच्याच थुंकीनं ओला होता. त्यामुळे आवाज वेगळा आला, ओलं फडकं फरशीवर आपटावं तसा. खुर्चीवरचा दिवा त्याच्या तोंडावरच रोखलेला होता, म्हणून मला माझी चार बोटं त्याच्या गालावर उमटताना नीट बघता आली. आधी पांढरी, मग लाल. गडी अंगापिंडानं माझ्या दुप्पट. मनात आणलं असतं तर उठून त्यानं मला साधनांच्या ट्रेसकट भिंतीवर भिरकावलं असतं. पण तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला, आणि मग अगदी हळू आवाजात फोनमध्ये म्हणाला, "मग करतो." फोन बंद केला आणि छातीवर पालथा ठेवला. खुर्चीत बसल्यापासून त्यानं पाळलेली ही पहिली रीत. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की असं असतं होय. इतकं सोपं असतं.

माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. खुर्ची मागे झुकवायच्या आधी मी तो प्रत्येकाला सांगते. तोंड उघडं असताना बोलता येत नाही, तेव्हा दुखलं तर डाव्या हाताचं बोट वर करायचं. बोट वर दिसलं की मी थांबते. कितीही नाजूक जागी असले तरी थांबते, हात बाहेर घेते, विचारते. लोकांना दातांच्या डॉक्टरची भीती वाटते ती दुखण्याची नसते, आपल्याला कुणी विचारणार नाही याची असते. या बोटावर माझा दवाखाना उभा राहिला. हा कंत्राटदार, इमारती रंगवून द्यायची कामं घेणारा, खुर्चीत बसला तोच फोन छातीवर ठेवून. मी म्हटलं, फोन बाहेर ठेवा. म्हणाला, "राहू द्या हो, बंदच आहे." बंद कसला. दाढ पोखरलेली होती, मी आत उतरले होते, केसाएवढी बारीक सुई दाढेच्या मुळात घातलेली होती आणि मी ती तळाशी न्यायला श्वास धरून वाकले होते, तेव्हा डोळ्याच्या कडेला बोट वर झालेलं दिसलं. माझा हात माझ्याआधी थांबला. सुई तशीच मुळात उभी ठेवून मी मागे झाले आणि विचारलं, "दुखलं का?" लहान मुलांसाठी आणि घाबरलेल्या म्हाताऱ्यांसाठी जो आवाज ठेवलेला आहे त्या आवाजात विचारलं. त्यानं दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. बोट तसंच वर. बोलायला म्हणून त्यानं तोंड मिटलं आणि मला कट् असं ऐकू आलं. सुई मुळात तुटली होती. त्याला पत्ताही नव्हता. फोनवर सांगत होता, "डॉक्टरीणबाईकडे आहे. बोला हो तुम्ही, ती थांबते."

ती थांबते. एवढंच. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं मला काही झालं नाही. आग वगैरे काही नव्हतं. डोकं लख्ख थंड होतं आणि हात उचलला गेला.

जाताना त्यानं तोंडातला कापूसही काढला नाही. दारात वळून म्हणाला, "बघून घेईन," पण कापसामुळे ते शब्द इतके गुबगुबीत निघाले की मला हसू फुटलं. मग तुटलेल्या सुईची आठवण झाली आणि हसू विरलं. तो तुकडा त्याच्या जबड्यात घेऊन तो रस्त्यानं चालत होता, मीच ठेवलेला. माझ्या मदतीला असणाऱ्या मावशींनी भांड्यातलं पाणी बदललं, खुर्ची पुसली, मला प्यायला पाणी दिलं. त्या फार बोलत नाहीत. "बरं झालं असं मी म्हणणार नाही, बाई," त्या म्हणाल्या. "पण वाईट झालं असंही तोंडातून निघत नाही बघा." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "साहेबांना आजच सांगा. बाहेरून कळायच्या आत." साहेब म्हणजे माझा नवरा. तो विम्याची कामं करतो, घरूनच, दिवसभर फोनवर. दवाखान्याच्या पाटीवर नंबरही त्याचाच आहे, कारण मी तोंडात हात घातलेले असताना फोन घेणार कशी. वेळा तोच देतो, तक्रारी तोच ऐकतो. मी मावशींना हो म्हटलं. पण मला नवऱ्याला जे सांगायचं होतं ते मावशींना वाटत होतं ते नव्हतं. थप्पड मारली हे सांगणं काय, सोपं होतं. मला सांगायचं होतं की मारल्यावर मला बरं वाटलं. दुपारभर वाटत राहिलं. एका बाईची मोडकी दाढ काढताना माझा हात इतका हलका आणि इतका बिनचूक चालला की ती म्हणाली, "कळलंसुद्धा नाही हो डॉक्टर." आणि माझा हात शिवशिवत होता. तो पुन्हा मागत होता. हे कुणाला तरी मोठ्यानं सांगितल्याशिवाय मला घरात पाऊल टाकायची भीती वाटत होती, आणि सांगायला जगात एकच माणूस होता, कारण माझे वडील त्या एकाच माणसाला ठाऊक होते.

वडील तारतंत्री होते, टेलिफोन खात्यात, म्हणून आमच्याकडे गल्लीत सगळ्यांच्या आधी फोन आला. काळा, जड, उंच तिपाईवर, आईनं विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली. तो वाजला की वडील उठायचे, रुमालाची घडी घालायचे, फोन कानाला लावायचे आणि एक बोट वर करायचे. बोट वर झालं की घर जागच्या जागी गोठायचं. मी पायरीवर असले तर पायरीवर. भाऊ खोकत असला तर खोकला गिळायचा. एकदा वरून मोठ्या साहेबांचा फोन होता, बोट वर होतं, आणि आई चुलीपाशी दुधाकडे बघत उभी होती. दूध वर आलं. पातेलं उतरवायचं तर चिमटा वाजला असता, म्हणून ती नुसती बघत राहिली. दूध उतू जाऊन जळायला लागलं, धूर झाला, मला ठसका आला तर आईनं तिचा हात माझ्या तोंडावर दाबून धरला, इतका की माझा ओठ माझ्याच दातानं फुटला. वडिलांचं बोलणं सावकाश संपलं. "नमस्कार साहेब" म्हणून त्यांनी मान लववली, जणू तारेतून दिसतंय. मग जळकं पातेलं बघितलं, आणि फोन ठेवायच्या आधी त्याच फोनच्या दांड्यानं आईच्या तोंडावर मारलं. एकदाच. ते नेहमी एकदाच मारायचे, त्याचा त्यांना अभिमान होता. आईनं फरशीवरून तिचा दात उचलला, धुतला, आणि कागदात गुंडाळून कुठे ठेवला ते मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वडील तिला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले. मोरीत घसरली म्हणाले. मी दातांची डॉक्टर का झाले असं कुणी विचारलं की मी म्हणते, मार्क तेवढेच होते. लोक हसतात. विषय संपतो.

हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. लग्न ठरायच्या आधी, बागेतल्या बाकावर. तेव्हा याच्याकडे फोन नव्हता, धड नोकरीही नव्हती. हनुवटी तळहातावर टेकवून यानं सगळं ऐकलं होतं. मध्ये बोलला नाही, अरेरे म्हणाला नाही. मी सांगून संपवल्यावरही तो तसाच बसून राहिला, अजून काही असेल तर म्हणून. मी त्या बसून राहण्याशी लग्न केलं. पुढं त्याच्या हातात फोन आला, तिथून आमच्या बोलण्याला तडे गेले. भांडण कधी झालं नाही. भांडायला दोघं लागतात. मी काही सांगायला लागले की तो मान हलवायचा, अंगठा काचेवर फिरत असायचा, आणि मी मुद्दाम मध्येच थांबले तरी मान हलतच राहायची. आणि फोन वाजला की बोट. तेच ते बोट, एक मिनिट, माझ्या वाक्याच्या मधोमध खुंटी ठोकल्यासारखं. त्याला कितीदा म्हटलं, हे बोट करू नकोस, काहीही कर, पाठ फिरव, पण हे नको. "अगं, सवय आहे ती, त्याचं काय एवढं," म्हणायचा. बागेतला बाक तो विसरला होता, किंवा आठवत असून त्याला जोडता येत नव्हतं. दोन्हींचा मला सारखाच राग यायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी दवाखाना बंद करून चालत निघाले. वाटेत सगळे खाली माना घालून चाललेले. एरवी मी बाजूला होते, रोजच होते, माझ्यासारखी माणसं बाजूला होतात म्हणून तर हे लोक खांबावर आपटत नाहीत. आज झाले नाही. एक सुटाबुटातला तरुण छातीशी फोन धरून, त्यात बघून हसत, सरळ माझ्यावर आला. मी कोपर पुढे काढलं आणि उभी राहिले. ते त्याच्या बरगड्यांखाली मऊ जागी गेलं, तो कळवळून वाकला, "सॉरी मॅडम, सॉरी," म्हणाला. मार त्यानं खाल्ला आणि माफीही त्यानंच मागितली. मला रस्ता रुंद झाल्यासारखा वाटला. पुढच्या चौकात एक बाई भाजीवाल्याला नुसत्या खुणा करत होती, हे दे, ते नको, कानाला फोन. भाजीवाला तिच्या तोंडाकडे बघत होता आणि ती आभाळाकडे. मला तिच्या अंगठ्यांनी भरलेल्या हातावर वजनकाट्यातलं माप आपटावंसं वाटलं. बोटांची हाडं कशी वाजतील ते मला ऐकूसुद्धा आलं. मी भराभर चालायला लागले. घरी पोचायचं, चप्पल काढायची, त्याला समोर बसवायचं आणि सांगायचं, बस्स. पहिलं वाक्य मी घोकत होते. माझ्यात माझे वडील आहेत. हे एवढं म्हटलं असतं की पुढचं त्याला कळलं असतं, मग तो म्हणाला असता, बस, पाणी पी, आणि मी कदाचित रडले असते.

दार सासूबाईंनी उघडलं. आत तो फोनवर, येरझाऱ्या घालत, कपाळाला आठ्या. मला बघून तो जरा दचकला असं वाटलं, पण फोन काही कानावरून हटला नाही. मी पर्स ठेवली. "अरे, ऐक ना. मला बोलायचंय." त्यानं बोट वर केलं आणि बाल्कनीकडे गेला. सासूबाई शेंगा सोलत होत्या. "दुपारपासून चिकटलाय," त्या म्हणाल्या. "जेवलाही नाही धड. नाकापेक्षा मोती जड झालाय. तू हातपाय धू, मी ताटं घेते." मी हातपाय धुतले. ताटं मांडली. त्याचं पान वाढून गार झालं. सासूबाईंनी हाक मारली, मी हाक मारली. काचेपलीकडून त्यानं आमच्याकडे न बघता पुन्हा बोट दाखवलं. "जित्याची खोड," सासूबाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. बिचाऱ्यांना आणखी काय म्हणायचं असणार. पण मला वाटलं त्या माझ्याबद्दलच बोलताहेत. मी ताटावरून उठले.

बाल्कनीत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. वाळत घातलेल्या चादरीमागे तो पाठमोरा उभा होता, आवाज दबलेला, गोड, गिऱ्हाइकांशी बोलतो तसा. "नाही, बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असतो तरी." मी त्याच्या खांद्याला हात लावला. म्हटलं, "ठेव तो. मला भीती वाटतेय." हे मी खरंच म्हटलं. यातला शब्दन् शब्द मोठ्यानं म्हटला. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, डोळे मिटून उघडले, आणि बोट माझ्या चेहऱ्यासमोर आणलं, अगदी ओठांजवळ. मला त्या बोटाचा वास आला, शाईचा आणि साबणाचा. मी ते धरलं. दात कधी ओढून निघत नाही. नवखे ओढतात. दात आधी मागे न्यायचा, हाड त्याला सोडेपर्यंत, आणि हाड सोडतं तो क्षण मनगटाला कळतो. मला तो कळला. आवाज सुईच्या आवाजापेक्षा जाड होता. तो ओरडला नाही, त्याच्या तोंडातून नुसती हवा गेली. फोन फरशीवर पडला. मी बोट सोडलं तर ते सुटून भलत्याच बाजूला बघत राहिलं. आणि खालून, फरशीवरून, कापसातून यावा तसा जड आवाज आला. "हॅलो? अहो साहेब? आहात ना?"

मी तो आवाज ओळखला. एक गाल सुजलेला माणूस असा बोलतो.

नवऱ्यानं डाव्या हातानं फोन उचलला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, वरच्या ओठावर घाम होता. "आहे, आहे," तो म्हणाला. "काही नाही, दारात बोट सापडलं." तो भिंतीला टेकला. दुखरा हात त्यानं पोटाशी धरला होता. "तर मी काय म्हणत होतो, तक्रार करायची तर तुमचा हक्कच आहे. सुईचा तुकडा मोठ्या डॉक्टरकडून काढून घेऊ, मी स्वतः तुमच्याबरोबर येतो. पण तिचं नाव खराब करू नका. ती तसली बाई नाही हो. काहीतरी ताण असणार. आजवर कुणावर हात उचलला नाही तिनं." हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. नजर काढत नव्हता. "मी ओळखतो ना तिला. तिचं लहानपण..." त्यानं दुखरा हात पोटाशी आणखी घट्ट धरला. "ते जाऊ द्या. चांगली आहे ती." पलीकडून गुरगुरल्यासारखं काहीतरी आलं, आणि नवरा म्हणाला, "उपकार झाले. उद्या सकाळी येतो." दुपारपासून तो हेच करत होता. कंत्राटदारानं पाटीवरच्या नंबरला फोन केला होता, शिव्या दिल्या होत्या, ठेवला होता, पुन्हा केला होता. पेशंट चालू असताना मला कळू नये, माझा हात हलू नये, म्हणून यानं मला सांगितलं नव्हतं. आणि बागेतला बाक तो विसरलेला नव्हता.

फोन बंद करून त्यानं तो कुंडीच्या कडेवर ठेवला. मग जमिनीवर बसला, पाय दुमडून, आणि वर बघून म्हणाला, "बोल. काय सांगत होतीस?" चेष्टेनं नाही. खरंच विचारलं. इतक्या वर्षांत मी याच एका प्रश्नासाठी थांबले होते. आणि आता सांगायचं होतं ते त्याच्या हाताला लोंबत होतं. काचेआडून सासूबाई विचारत होत्या, काय पडलं रे? "काही नाही, आई," तो म्हणाला. "दार लागलं." मी खाली बसून त्याच्या बोटाला आधार द्यायला हात पुढे केला. मला ते येतं, मी ते नीट केलं असतं. तो मागे सरकला. जाणूनबुजून नाही. गरम तव्यावरून हात जसा आपोआप मागे येतो, तसं त्याचं सगळं अंग माझ्यापासून मागे गेलं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, त्यानं हात पुन्हा पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले. आई असेच मिटायची. मला तिथंच मरावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं तेवढाच वेळ.

आता बोट जुळलंय, थोडं वाकडं. कंत्राटदाराच्या दाढेतला तुकडा निघाला. तो माझ्याकडे पुन्हा येत नाही, पण तक्रारही केली नाही. सगळ्यांना दाराची गोष्ट माहीत आहे. मावशींनाही तीच सांगितली. त्यांनी ऐकली आणि तेव्हापासून त्या मला ट्रे देताना जरा लांबून देतात. घरात मात्र सगळं सुरळीत आहे, पूर्वीपेक्षा सुरळीत. मी खोलीत आले की नवरा असेल ते वाक्य अर्धं टाकून फोन ठेवतो, पालथा, हाताच्या अंतरावर. जेवताना त्याचा फोन आतल्या खोलीत असतो. मी बोलायला लागले की तो दोन्ही हात मांडीवर घेतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मध्ये बोलत नाही. माझं वाक्य संपायच्या आधी हो म्हणतो. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगतात, माझ्या मुलानं ते व्यसन सोडलं, सुनेची कमाल आहे. कोपऱ्यात उभी राहून मी ते ऐकते. मी त्याला म्हटलं, असं बसू नकोस रे, घे तो फोन, कामाचा असेल. "नाही नाही, तू बोल ना," म्हणाला, आणि हसला, आणि हसताना माझ्या हाताकडे बघत होता. काल तो जेवत असताना मी त्याच्यासमोर बसले. सांगायला काहीच नव्हतं. भाजीचे भाव, जिन्यातला दिवा, कुणाच्या तरी लग्नाचं, काहीही सांगत गेले. घास हातात धरून तो ऐकत होता. आत त्याचा फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. त्याच्या हातातला घास वाळला. तो हलला नाही, आणि मी बोलायची थांबले नाही.